फँटसी फुटबॉलमध्ये बॅकअपचा (राखीव खेळाडूचा) भाव कधी वसूल करायचा?
फँटसी फुटबॉल म्हणजे एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगमधल्या खऱ्या खेळाडूंचा आपला कागदी संघ बांधायचा खेळ. त्यात लोक म्हणतात, 'पुढचा माणूस गेला की बॅकअप आपोआप आरबी-वन (चेंडू घेऊन धावणारा मुख्य खेळाडू) होतो, म्हणून त्याच्यासाठी दुसऱ्या फेरीचा पिक (खेळाडू निवडायचा हक्क) द्यायला हरकत नाही'. हे रीड्राफ्टमध्ये, म्हणजे दर वर्षी संघ नव्याने निवडतात तिथे, ठीक आहे; डायनॅस्टीत, म्हणजे तोच संघ वर्षानुवर्षं सांभाळतात तिथे, मला पटत नाही. मिनेसोटा वायकिंग्ज संघात डॅल्विन कुकचा बॅकअप असलेल्या अलेक्झांडर मॅटिसनचंच बघा. 2021 मध्ये कुक बाहेर असताना सिअ‍ॅटल आणि डेट्रॉइटविरुद्ध त्याने शंभरच्या वर यार्ड काढले, वर पासही झेलले. तेवढ्यावर लोकांनी त्याला दोन वर्षं बेंचवर सांभाळला. जून 2023 मध्ये वायकिंग्जनी कुकला सोडलं, जागा मॅटिसनची झाली आणि निघालं काय? 180 कॅरीत (चेंडू घेऊन धावण्याच्या खेपांत) 700 यार्ड, धावून एकही टचडाउन (गोलरेषा पार करून मिळणारे गुण) नाही. पुढच्या वर्षी वायकिंग्जनी त्यालाही नारळ दिला.

माझ्या मते अशा खेळाडूला खरा भाव येतो तो जागा रिकामी झाल्याची बातमी येते त्या आठवड्यात. आमच्या फँटसी लीगमध्ये कुक सुटला तेव्हा मॅटिसनसाठी ऑफरवर ऑफर येत होत्या, नोव्हेंबरात कुणी विचारेना. आणि विकत घेताना करारही बघा. नव्या करारावर खऱ्या संघाने किरकोळ पैसे लावले असतील, तर पुढच्या एनएफएल ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) त्याच्या डोक्यावर दुसरा येऊन बसायला वेळ लागत नाही. ज्याच्या फँटसी संघात कुक होता त्याने तेव्हा विमा म्हणून मॅटिसन ठेवला असेल तर गोष्ट वेगळी, पण त्यासाठीही तिसऱ्या फेरीच्या पिकच्या वर मी गेलो नसतो.