माळ्यावरची पेटी आणि १९६६ची बार्बी

ए-२०४ ताई: नमस्कार मंडळी. रंगकाम काढलंय म्हणून माळा रिकामा केला, तर एक जुनी पेटी निघाली. दोन बाहुल्या, डबाभर छोट्या गाड्या, आजीचं शिवणयंत्र, बाबांचा वॉकमन, तबकड्या, तिकिटांचा अल्बम आणि दुधी काचेचे नक्षीवाले वाडगे. एका बार्बीच्या पाठीवर चक्क १९६६ लिहिलंय! ठेवू की भंगारात देऊ?

बी-३०३ दादा: ताई, हात लावू नका!! आत्ताच फॉरवर्ड आलाय: तुमच्या घरातल्या या १० वस्तू तुम्हाला करोडपती करतील. बार्बी दुसऱ्या नंबरवर आहे.

डी-१०२ वहिनी: तो मला तिसऱ्यांदा आलाय. दर वेळी दहा वस्तू वेगळ्या असतात.

ए-५०२ काकू: अगं, १९६६ हे तिचं जन्मसाल नाही. कमरेत वळणारं धड मॅटेलने, म्हणजे बार्बी बनवणाऱ्या कंपनीने, त्या सुमारास काढलं, त्याच्या हक्काची ती नोंद. त्यानंतर कितीतरी वर्षं बाहुल्यांच्या पाठीवर तोच आकडा उमटत राहिला. नव्वदच्या दशकात घेतलेल्या बाहुलीवरही सापडेल. त्याच ओळीत देशाचं नाव असेल ते वाच.

ए-२०४ ताई: मलेशिया.

ए-५०२ काकू: मग ती तुझ्याच वयाची असेल, फार तर थोडी मोठी. सुरुवातीच्या सगळ्या जपानात बनायच्या. पहिली बार्बी न्यूयॉर्कच्या खेळण्यांच्या मेळ्यात ९ मार्च १९५९ला आली. अंगावर काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचा पोहण्याचा पोशाख, आणि तळपायांना भोकं. त्या भोकांत तांब्याच्या नळ्या बसवलेल्या, स्टँडच्या दांड्यावर उभी करता यावी म्हणून. तळपाय बघितलास?

ए-२०४ ताई: गुळगुळीत आहेत. पण दुसरीच्या कानाजवळ हिरवा डाग आहे. बुरशी का? साबणाने घासू?

ए-५०२ काकू: घासू नकोस! बुरशी नाही ती. कानातल्या कुडीत तांबं असतं, ते गंजून रबरी प्लास्टिकमध्ये मुरतं. वरवर पुसून जात नाही. कुडी अजून असेल तर काढून ठेव, म्हणजे डाग आणखी पसरणार नाही. आणि अंग चिकट लागत असेल तर प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नकोस. प्लास्टिक मऊ राहावं म्हणून घातलेलं द्रव्य वर्षानुवर्षं बाहेर झिरपतं, त्याचा तो चिकटपणा.

सेक्रेटरी: पंपाची दुरुस्ती सुरू आहे. २ ते ४ पाणी बंद राहील. सहकार्य करावे.

ए-५०२ काकू: बरं झालं. तोवर तरी ताई काही धुणार नाही.

बी-३०३ दादा: पण काकू, ऑनलाइन अशाच बाहुलीला लोकांनी केवढे शून्य लावलेत! स्क्रीनशॉट टाकू?

ए-५०२ काकू: अरे, लावायला कुणाचं काय जातंय? मीही माझ्या तुटक्या छत्रीवर सात शून्य लावीन. मागितलेली किंमत आणि हातात पडलेली किंमत यांत जमीन-अस्मानाचा फरक. ईबे या खरेदी-विक्रीच्या साइटवर ‘सोल्ड आयटम्स’ची गाळणी लाव, मग फक्त विकल्या गेलेल्या वस्तू दिसतील. त्या आकड्यांवर बोलू.

बी-३०३ दादा: लावली. जरा कमी शून्य आहेत.

डी-१०२ वहिनी: जरा??

बी-३०३ दादा: बरेच कमी.

सी-४०१: पण जुनं ते सोनं म्हणतातच ना?

ए-५०२ काकू: म्हणोत बापडे. पोस्टाचं जगातलं पहिलं तिकीट पेनी ब्लॅक, १८४०चं. इतकं जुनं, म्हणून एकच कुठेतरी तिजोरीत असेल असं वाटतं. छापली होती ६ कोटी ८० लाखांच्या वर! आजही नेहमी विकायला येतात. उलट ब्रिटिश गियानाचं १८५६चं एक सेंटचं लाल तिकीट १६ वर्षांनी लहान, दिसायला अगदी सामान्य, कोपरे कापलेलं. पण जगात एकच ठाऊक आहे. किती जुनं ते नंतर, आधी किती उरलीत ते विचारायचं. आणि मग ते घ्यायला कुणी उभं आहे का, हेही. घरोघरचे विश्वकोशाचे जाडजूड संच जुने आहेत, पण फुकटसुद्धा कुणी उचलत नाही.

ए-२०४ ताई: बीनी बेबीज होते ना आमच्याकडे? त्या फॉरवर्डमध्ये पहिल्या नंबरवर तेच आहेत.

ए-५०२ काकू: दाणे भरलेली छोटी कापडी जनावरं ती, १९९३चं पिल्लू. नव्वदच्या दशकाच्या शेवटी लोक वेडे झाले होते, कानातल्या लेबलावरसुद्धा प्लास्टिकचं कव्हर चढवायचे. सगळ्यांनीच जपून ठेवले, त्यामुळे आजही ढिगाने कोरे निघतात. मला विचारशील तर ‘संग्रहासाठी खास’ असं डब्यावर छापलेलं दिसलं की मी हात मागे घेते. मुलांनी धुळीत लोळवून, तोडून, हरवून टाकलेल्या खेळण्यांतलं एखादं धड उरलं, तर त्याला विचारणा होते.

सी-४०१: म्हणजे आमच्या पोरांनी तोडलेल्या गाड्या हे सत्कार्यच झालं.

ए-५०२ काकू: बाकीच्यांच्या दृष्टीने, हो. गाड्यांवरून आठवलं. ताई, प्रत्येक गाडी उलटी कर आणि पोटावरची अक्षरं वाच. ‘लेस्नी’ आणि इंग्लंड दिसलं तर ती मॅचबॉक्स नावाने विकलेली खेळण्यातली गाडी. ते नाव १९५३पासूनचं. लेस्नी कंपनी १९८२मध्ये बुडाली आणि उत्पादन पुढे पूर्वेकडे गेलं. मकाऊ किंवा चीन असेल तर ती नंतरची. हॉट व्हील्स असतील तर चाकांच्या कडेला लाल रेघ आहे का बघ. अशी चाकं १९६८पासून साधारण १९७७पर्यंत होती.

बी-१०१ अप्पा: हॉट व्हील्समधली ती गुलाबी व्हॅन सगळ्यांत भारी म्हणतात. खरं का?

ए-५०२ काकू: खरं आहे अप्पा, आणि तिची गोष्ट मजेशीर आहे. बीच बॉम्ब, १९६९. आधी तिच्या मागच्या काचेतून दोन सर्फबोर्ड बाहेर डोकावायचे. पण गाडी अंगाने अरुंद आणि वर जड. हॉट व्हील्सच्या ट्रॅकला फिरत्या रोलरचं यंत्र असायचं, गाडी दोन्हीकडून पकडून पुढे भिरकावणारं. या व्हॅनला ते नीट पकडेना. मग सर्फबोर्ड बाजूंच्या खिशांत बसवले, गाडी रुंद आणि खाली जड झाली, आणि तीच दुकानात गेली. मागून सर्फबोर्ड घालायच्या मोजक्या नमुन्यांच्या गाड्या कुणाकुणाकडे उरल्या, आणि संग्राहकांचा जीव त्यांच्यात अडकलाय. त्यातही गुलाबीत जास्त. बाजूंना खिसे असलेली कुणाकडे निघाली तर उगाच पेढे वाटू नका.

ए-२०४ ताई: तीन गाड्यांवर लेस्नी आहे! एकीचा खोकासुद्धा आहे. पण रंग उडालाय. मुलाकडे छान रंग आहेत, मारून घेऊ का?

ए-५०२ काकू: मुलाच्या हातातला ब्रश आधी काढून घे. टवके उडालेला मूळ रंग चालतो, नवा चकचकीत रंग चालत नाही. खोका तर गाडीहून दुर्मीळ. कार्टी आधी खोकाच फाडतात ना! त्याला सेलोटेप लावू नकोस. आणि त्यावर बारकोड आहे का बघ. दुकानात पहिला बारकोड स्कॅन झाला १९७४मध्ये, त्यामुळे बारकोड असलेला खोका साठच्या दशकातला म्हणून कुणी विकायला आला तर त्याला चहा पाजून परत पाठवायचं.

डी-१०२ वहिनी: नाण्यांचंही असंच ना? माझ्या सासऱ्यांनी सगळी चिंचेने लख्ख घासून ठेवलीत.

ए-५०२ काकू: घासलेलं नाणं जाणकाराला लांबूनच कळतं. आता आहेत तशी राहू देत. फक्त मऊ पीव्हीसीच्या खिशांच्या अल्बममधून काढा, हिरवट चिकटा धरतो. ताई, तुझी तिकिटं पाकिटावर असतील तर पाकिटासकट ठेव, शिक्का आणि पत्ता यांनाही किंमत असते.

ए-२०४ ताई: वॉकमनचं झाकण उघडत नाहीये.

ए-५०२ काकू: सेल आत राहिलेत, फुटून गंजले असणार. हातमोजे घाल आणि हळूच उघड. अल्कलाइन सेलची पांढरी पूड असेल तर कापसाच्या बोळ्याला थोडं व्हिनेगर लावून टिपून घे. यंत्र निळं-रुपेरी धातूचं, हेडफोनला दोन भोकं आणि वर एक नारिंगी बटण असं आहे का? असेल तर सोनीचा पहिला, १९७९चा. ते बटण दाबलं की गाणं हळू व्हायचं आणि माइकमधून एकमेकांशी बोलता यायचं.

ए-२०४ ताई: काळं प्लास्टिक आहे. एकच भोक.

ए-५०२ काकू: मग गाणी ऐक. आतला रबरी पट्टा विरघळून डांबर झालेला असतो, तो बदलून घ्यावा लागेल.

बी-१०१ अप्पा: शिवणयंत्र सिंगरचं आहे का हो? त्यावरच्या नंबरावरून साल कळतं. आमच्याकडचं अजून जाड कापड बिनतक्रार शिवतं.

ए-५०२ काकू: अप्पा म्हणतात ते बरोबर. पण ती यंत्रं लाखोंनी निघाली, त्यामुळे पैशाची आशा नको. तेल घालून वापर. तबकड्या उभ्या ठेव, आडवा ढीग नको. मधल्या लेबलाभोवतीच्या कोऱ्या पट्ट्यात कोरलेला नंबर असतो, त्यावरून कुठल्या खेपेची ते शोधता येतं.

डी-१०२ वहिनी: आणि ते दुधी वाडगे? माझे मी डिशवॉशरमध्येच घालते.

ए-५०२ काकू: नक्षी फिकी पडली असेल. जुन्या रंगांत शिसं असू शकतं, म्हणून मी माझे फक्त कपाटात मांडते.

बी-१०१ अप्पा: वडिलांचं घड्याळ आहे, काटे पूर्वी अंधारात चमकायचे. आता चमकत नाहीत, म्हणजे रेडियम संपलं असेल. काच उघडून पुसू का?

ए-५०२ काकू: अप्पा, मुळीच उघडू नका! झिजतं ते चमकणारं रसायन. रेडियम तसंच राहतं, निम्मं व्हायलाच त्याला १६०० वर्षं लागतात. काचेआड आहे तोवर ठीक. त्याची पूड श्वासातून किंवा तोंडातून पोटात जाऊ नये, एवढंच. तुमचा घड्याळजी उघडणार असेल तर त्यालाही आधी सांगा.

बी-१०१ अप्पा: बाप रे. इतकी वर्षं उशाशी आहे.

ए-५०२ काकू: उशापासून हलवा, बैठकीच्या कपाटात ठेवा. फेकू मात्र नका.

सी-६०४ (ताईंचा भाऊ): आत्ता ग्रुप बघितला. लेस्नीच्या गाड्या माझ्या आहेत. त्या खोक्यावर माझं नाव आहे, पेनाने.

ए-२०४ ताई: पंचवीस वर्षं विचारलं नाहीस!

ए-५०२ काकू: खोक्यावर पेनाने? मग भाव आधीच पडला. भांडू नका.

सी-६०४: येतोय खाली. कुणी काही पुसू नका.

ए-५०२ काकू: येताना भिंग आण.