सोलापूरच्या दगडात गार्नेट का नाही

एकाने विचारलंय, हे भूशास्त्रज्ञ गार्नेट या खनिजामागे एवढे का लागतात, आणि आपल्या सोलापूरकडच्या खाणीत तो का मिळत नाही. दुसरं सोपं आहे. गार्नेट बहुधा खोलवर दाब-उष्णतेने दगड बदलताना (म्हणजे रूपांतर होताना) वाढतो. आपला काळा दगड, बेसाल्ट, म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा. तो खोल गाडला गेला नाही की दाबाखाली वळला नाही. खडी फोडताना त्यात दिसणारे पांढरे झिओलाइटचे खडे कोमट पाण्याने पोकळ्यांत भरलेले.

पण बेसाल्टच्या खाली बघा! १९९३च्या भूकंपानंतर किल्लारीला बोअर घेतलं, तर सुमारे ३३८ मीटरखाली जुना नाइस, म्हणजे दाब-उष्णतेने बदललेला पट्टेदार दगड, लागला. रूपांतर तिथं आहे, आपल्याच पायाखाली.

आता गार्नेट. वाढताना तो आजूबाजूचे कण पोटात घेतो. पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला की पोटातल्या त्या कणांच्या ओळी दिसतात. ओळी सरळ, पण भोवतीच्या दगडातल्या पट्ट्यांना तिरप्या असतील तर त्या पट्ट्या गार्नेटनंतरच्या. ओळी इंग्रजी 'एस'सारख्या वळल्या असतील तर बहुधा दगड घसरत असतानाच गार्नेट वाढला. शिवाय त्याच्या रासायनिक घटकांवरून दाब-तापमान काढता येतं. बाकीची खनिजं एवढं बोलत नाहीत.