मदत हवी आहे: न्यू जर्सीत घराचं डिपॉझिट अडकलंय, स्मॉल क्लेम्समध्ये जाऊ की वरच्या विभागात?

नमस्कार मंडळी,

आम्ही चार वर्षं एडिसनला भाड्याने राहत होतो. ३१ मे रोजी घर रिकामं केलं, चावी दिली, नवा पत्ता लिहून दिला. भाडं २१०० डॉलर, डिपॉझिट ३१५०. १७ जुलैला घरमालकांचा फोनवर नुसता मेसेज आला, की रंगकाम आणि कार्पेटमध्ये सगळे पैसे संपले. ना बिल, ना पत्र.

वर "मुलीने दाराची चौकट खराब केली" हेही होतं, ते फार लागलं. त्या चौकटीवर लेकीच्या उंचीच्या पेन्सिलच्या खुणा होत्या, दर वाढदिवसाला एक. निघायच्या आदल्या रात्री मी त्या पुसायला बसले. खोडरबराने जाईनात, म्हणून ओल्या फडक्याने घासलं तर रंगच निघाला. तेवढा खर्च मी द्यायला तयार आहे. बाकी भिंतींवर चार वर्षांच्या वावराच्या खुणा आहेत, आणखी काही नाही. प्रत्येक खोलीचे फोटो माझ्याकडे आहेत.

आठवडाभर रोज रात्री कायदा वाचतेय. इथे दीड महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त डिपॉझिट घेता येत नाही, आणि भाडेकरार संपल्यापासून ३० दिवसांत व्याजासकट परत करावं लागतं. काही कापून घेतलं असेल तर त्याचा बाबवार हिशेब हातात किंवा रजिस्टर्ड, सर्टिफाइड टपालाने द्यायचा. तसं केलं नाही तर कोर्ट अडवलेल्या रकमेच्या दुप्पट देववतं. घरमालक त्याच घरात राहत असतील आणि भाड्याची घरं दोनपर्यंतच असतील तर नियम थोडा वेगळा, पण आमचे मालक दुसऱ्या गावी राहतात.

आधी वाटलं गावच्या म्युनिसिपल कोर्टात जायचं. तिथे वाहतुकीचे दंड आणि किरकोळ गुन्हे चालतात, पैशांचा दावा नाही. तो सुपीरियर कोर्टात. राज्याच्या २१ कौंट्यांमध्ये, म्हणजे जिल्ह्यांमध्ये, याच कोर्टाचं काम चालतं. आमची कौंटी मिडलसेक्स, म्हणजे न्यू ब्रन्सविक. तिथल्या स्पेशल सिव्हिल पार्टमध्ये २०,००० डॉलरपर्यंतचे दावे जातात आणि त्यातच ५,००० पर्यंतच्या छोट्या दाव्यांचा भाग म्हणजे स्मॉल क्लेम्स.

अडलंय इथेच. ३१५० ची दुप्पट ६३००. स्मॉल क्लेम्समध्ये गेले तर वरच्या १३०० वर कायमचं पाणी सोडायचं, ते नंतर वेगळे मागता येत नाहीत. वर, म्हणजे स्पेशल सिव्हिलच्या मोठ्या दाव्यांत गेले तर प्रकरण लांबेल. घरमालक आपल्याकडचेच आहेत, त्यामुळे ओळखीचे लोक म्हणतात, "आपल्या माणसाला कोर्टात खेचू नकोस, त्यांच्या ओळखीही आहेत." कुणी यातून गेलंय का?

प्रतिसाद:

ताई, मी गेलोय, वकील न लावता. आधी ओळखींची भीती मनातून काढा. या राज्यात न्यायाधीश निवडणुकीने येत नाहीत. गव्हर्नर नेमतो, सिनेट मान्यता देते, आधी सात वर्षांसाठी आणि पुन्हा नेमणूक झाली की वयाच्या सत्तरीपर्यंत. कुणाच्या मतांवर त्यांची खुर्ची नाही.

आता हिशेब. दुप्पट ३१५० ची होत नाही. खरं नुकसान आधी वजा होतं आणि उरलेल्या रकमेची दुप्पट होते. चौकट तुम्ही स्वतःच कबूल करताय. ती आणि कार्पेटचा एखादा खरा डाग मिळून ६५० धरले तर उरतात २५००, दुप्पट बरोबर ५,०००. म्हणजे स्मॉल क्लेम्समध्ये तुमचं फारसं काही जात नाही. एका प्रतिवादीसाठी फी ३५ डॉलर आणि नोटीस पाठवण्याचा थोडा खर्च. समोरच्याने लेखी उत्तर द्यायचं नसतं, थेट तारीख मिळते. वरच्या विभागात त्याला उत्तरासाठी ३५ दिवस मिळतात.

दावा लावण्याआधी सर्टिफाइड टपालाने एक मागणीपत्र पाठवा आणि पावती जपा. फोटो फोनमध्ये ठेवू नका, कागदावर छापून तीन प्रती न्या: एक न्यायाधीशांना, एक समोरच्याला, एक तुम्हाला. तो मेसेजही तारीख दिसेल असा छापा, कारण १७ जुलै हाच तुमचा सगळ्यात भक्कम पुरावा आहे. कोर्टाच्या तारखेला आधी तडजोडीला बसवतात. माझ्या वेळी तिथेच मिटलं होतं, पण घाईने कमी रकमेला हो म्हणू नका. इंग्रजीत बोलताना अडखळायला होत असेल तर दुभाषा आधी मागून ठेवा, कोर्ट फुकट देतं.

आणि एक, निकाल लागला तरी पैसे कोर्ट आपणहून वसूल करून देत नाही. घरमालकांचं बँक खातं तुम्हालाच दाखवावं लागतं. भाड्याचे वटलेले जुने चेक बँकेच्या साइटवरून आजच उतरवून घ्या. मागच्या बाजूला ते कुठल्या बँकेत भरले गेले ते बहुतेक वेळा दिसतं.