मदत हवी आहे: आरटी-पीसीआरमध्ये एस जीन गायब, किट बिघडलं की विषाणू बदलला?

विषाणूचे तीन जीन शोधणारं कोविड किट वापरतो: ओआरएफ१एबी, एन आणि एस. काही नमुन्यांत पहिल्या दोघांचा सीटी (कितव्या आवर्तनात जीन दिसला तो आकडा; जितका कमी तितका विषाणू जास्त) २२-२४ येतोय, एसचा आलेख मात्र अगदी सपाट. पॉझिटिव्ह कंट्रोलमध्ये (तिन्ही जीन असलेल्या तपासणी नमुन्यात) तिन्ही जीन येतात, निगेटिव्ह कंट्रोल स्वच्छ आहे. अहवाल पॉझिटिव्ह द्यायचा का? पुढे कुणाला कळवायचं?

पिपेट:
किट ठीक दिसतंय. तिन्ही प्रोब (आपापल्या जीनला चिकटून तो दाखवणारे तुकडे) एकाच नळीत असतात. पिपेटिंग चुकलं असतं तर तिन्ही सीटी बिघडले असते. स्पाइकमधली (एस जीनपासून बनणाऱ्या विषाणूवरच्या काटेरी प्रथिनातली) ६९ आणि ७० क्रमांकाची अमिनो आम्लं गळाली की काही किटच्या एस प्रोबला चिकटायला जागाच उरत नाही. २०२० च्या अखेरीस अल्फा या व्हेरिएंटचा (विषाणूच्या बदललेल्या प्रकाराचा) आणि २०२१ च्या अखेरीस ओमिक्रॉनच्या बीए.१ या उपप्रकाराचा माग याच खुणेवरून काढला गेला. माहितीपत्रकातला निकष पाहा. बहुतेक किटमध्ये दोन जीन आले की पॉझिटिव्ह. आधी मूळ नमुन्यातून नव्याने एक्स्ट्रॅक्शन करून (आरएनए वेगळा काढून) पुन्हा लावा, जुनाच आरएनए वापरू नका.

सपाटआलेख:
एक धोका. बाकीच्यांचा सीटी ३० च्या पुढे असेल तर एस न येणं हे बहुधा विषाणू कमी असल्याचं लक्षण. ते नमुने 'एस गायब' या मोजणीत धरू नका. उलट बाजूही आहे: ओमिक्रॉनच्याच बीए.२ या उपप्रकारात हे डिलीशन (६९-७० चं गळणं) नव्हतं, त्यामुळे 'एस आला, म्हणजे ओमिक्रॉन नाही' हा निष्कर्ष तिथे फसला. खात्री सिक्वेन्सिंगनेच (विषाणूचा जनुकीय क्रम वाचूनच) होते. त्यासाठी ३० च्या आतले नमुने उणे ८० अंशांवर ठेवा, पुन्हा पुन्हा वितळवू नका, नमुना घेतल्याची तारीख सोबत लिहा. आणि सिक्वेन्सिंगला फक्त एस न आलेलेच पाठवू नका! सरसकट निवडलेलेही थोडे द्या, नाहीतर त्या व्हेरिएंटच्या प्रसाराचं प्रमाण फुगलेलं दिसेल.

प्रश्नकर्ती:
आभार. एकाच जीनचं जुनं किट पडून आहे, ते चालेल?

पिपेट:
कृपया नको. प्रायमर (जिथून जीनची प्रत बनायला सुरुवात होते तो छोटा तुकडा) जिथे चिकटतो, तिथे त्याच्या ३' टोकाशी, म्हणजे प्रत जिथून पुढे वाढते त्या टोकाशी, विषाणूत बदल झाला तर साखळी नीट वाढत नाही, एकच जीन असल्याने दुसरा आधार नसतो आणि बाधित माणूस निगेटिव्ह अहवाल घेऊन घरी जातो. संपर्कातल्यांचा शोधही तिथेच थांबतो.

सपाटआलेख:
रुग्णाच्या अहवालावर व्हेरिएंटचं नाव लिहू नका. विलगीकरण तेच राहतं. 'एस जीन आढळला नाही' ही नोंद सीटीसह साथरोग सर्वेक्षण विभागाला त्याच दिवशी कळवा.