मदत हवी आहे : युनिफॉर्मचं युनिट जूनच्या आत परत उभं करायचंय, आधी काय करू?

मंडळी नमस्कार. सोलापूरला शाळेच्या युनिफॉर्मचं छोटं युनिट आहे आमचं, 22 मशिनी, वडिलांनी सुरू केलेलं. मार्च 2020 ला शाळा बंद झाल्या तेव्हा जूनचा माल जवळपास तयार होता, आणि आमचा धंदा म्हणजे एप्रिल ते जुलै, ते गेलं की वर्ष गेलं, इथं तर लागोपाठ दोन सीझन गेले. मधे मास्क शिवून ढकललं थोडं, पण मग गल्लोगल्ली मास्क शिवायला लागले.

आता 24 जानेवारी 2022 पासून शाळा परत सुरू झाल्यात (टिकल्या म्हणजे मिळवली) आणि चौकशा येतायत. पण 1400 शर्ट गोण्यांत पडून आहेत, खिशावर मोनोग्राम, त्या शाळेचा पट निम्म्यावर आलाय त्यामुळे नको म्हणतात, मोनोग्राम उसवला तर सुईची भोकं दिसतात. भिलवाड्याचा कापडवाला आधी दोन महिने थांबायचा, आता पैसे टाका मग ताके पाठवतो, आणि सूत महागल्यामुळे भावही चढलेत. 2020 ला कोविडचं सरकारी गॅरंटीवालं कर्ज घेतलेलं, आधीच्या कर्जाची जी बाकी होती तिच्या 20 टक्के, पहिलं वर्ष नुसतं व्याज होतं, आता मुद्दलही चालू. कर्नाटकातल्या एका व्यापाऱ्याकडे 3 लाख अडकलेत, फोन उचलत नाही.

आणि बायका. 17 होत्या, 6 येतात. बाकीच्या घरी विड्या वळतात, एकीला बोलवायला गेलो तर म्हणाली "हजाराला ठरलेले पैसे पडतात हातात, तुमचं परत बंद पडलं तर?" काय बोलणार.

मेहुणा म्हणतो त्याच योजनेत आणखी 10 टक्के कर्ज मिळतंय, उचल. उचलू का?

प्रतिसाद 1 :
उचलू नका इतक्यात. या सीझनला जॉब वर्क घ्या, कापड पार्टीचं शिलाई तुमची, सुटतं कमी पण पैसा अडकत नाही. स्वतःचा माल निम्मा ॲडव्हान्स आल्याशिवाय कटिंगला लावूच नका. बायकांना काज-बटण, धागे तोडणं घरपोच द्या आणि दर शनिवारी रोख चुकवा, येतील हळूहळू. शर्टाचा खिसाच काढून टाका, त्याच लॉटच्या कापडाचा पाव इंच मोठा लावा, जुन्या शिलाईची भोकं आत जातात.

प्रतिसाद 2 :
दादा, त्या 3 लाखांचं बोलतो. माल दिला त्याच्या आधीपासून एमएसएमई (लघुउद्योग) नोंदणी होती का? असेल तर समाधान पोर्टलवर (थकलेल्या पैशांच्या तक्रारींची सरकारी वेबसाइट) टाका केस. 45 दिवसांत पैसे द्यायचा कायदा आहे, पुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. निकाल लागायला वेळ लागतो पण नोटीस गेली की फोन उचलतात लोक, स्वानुभव.

धागाकर्ता :
नोंदणी 2018 ची आहे, टाकतो. खिसा आजच बदलून बघितला एका शर्टाचा, भोकं खरंच दिसत नाहीत. कटिंग मास्टरला दाखवला तर तो म्हणतो खिसा झाला, घडीवर पिवळं पडलंय ते कशानं झाकणार :) उद्या एक धुऊन बघतो.