वेणीकामाची कार्यशाळा: खरे केस की लोकर?

प्रश्न
१५ जणांसाठी ३ तासांची सामूहिक कला कार्यशाळा ठरते आहे. वयं १२ ते ७०, केसांचा पोत प्रत्येकाचा वेगळा, काहींचं डोकं झाकलेलं, काहींना केस नाहीत. वेणी घालता घालता आपापल्या सांस्कृतिक ओळखीबद्दल बोलायचं आणि शेवटी सगळ्यांची मिळून एक भिंतीवरची कलाकृती करायची, असा विचार आहे. खऱ्या केसांवर काम करावं का? आणि ‘तुमच्या ओळखीबद्दल सांगा’ म्हटलं की सगळे गप्प बसतात, त्यावर काय करता येईल?

प्रतिसाद १
सुरुवात लोकरीनेच करा, म्हणजे केस नसलेलेही पहिल्यापासून सामील होतात. फार ताणली जाणारी लोकर मात्र नको. ओढून विणली की सोडल्यावर आक्रसते आणि वेणी वेडीवाकडी होते. जाड सुती दोरा बरा. तयार वेणी १ मीटर हवी असेल तर पेड दीड मीटरचे कापा, जाड पेडांना याहूनही जास्त लागतं. एका पेडात ८-१० धागे पुरेत. वरचं टोक खुर्चीच्या पाठीला घट्ट बांधा. हातात धरून विणलं की ताण सतत बदलतो आणि वेणी एका अंगाला पीळ खाते.

आधी तिपेडी, मग चौपेडी. चौपेडीत उजवीकडचा कडेचा पेड शेजारच्या दोघांखालून न्यायचा आणि त्यातल्या एकावरून परत आणायचा. मग डावीकडून तसंच. परत आणायचं विसरलं की वेणी सुटते, लोक हमखास इथेच चुकतात. चार पेडांना चार रंग दिले तर चूक लगेच दिसते.

गप्प बसण्याबद्दल: ‘ओळख’ हा शब्दच काढू नका. तुमची वेणी कोण घालायचं? केस मोकळे सोडायला कधी मनाई होती? शाळेत किंवा कामावर केसांवरून काय ऐकावं लागलं? असे नेमके प्रश्न विचारा, आणि तेही हात चालू असताना. नजर पेडांवर असली की बोलायला सोपं जातं.

प्रतिसाद २
लोकरीबद्दल सहमत, पण तेवढ्यावर थांबलात तर ती दोरखंडाची कार्यशाळा होईल. केशरचनेची ओळख बरीचशी भांगात असते. प्रत्येकाला डोक्याची वरून दिसणारी बाह्याकृती काढलेला कागद द्या आणि आपल्या घरातले, आठवणीतले भांग त्यावर रेखाटायला सांगा. मग तेच भांग शेपटीच्या कंगव्याने सरावाच्या, म्हणजे केस लावलेल्या पुतळ्याच्या, डोक्यावर पाडायचे. सागरवेणीत बाजूचे पेड मधल्याच्या वरून जातात, कॉर्नरोमध्ये, म्हणजे टाळूला चिकटून ओळीत घातलेल्या वेणीत, खालून, म्हणून ती टाळूवर उठून दिसते. दर फेरीला केस थोडेच उचला. एकदम जास्त घेतले की रेघ फुगते.

खऱ्या केसांवर फक्त प्रात्यक्षिक असावं, तेही स्वतःहून पुढे आलेल्या दोघा-तिघांवर आणि जाणकार वेणीकाराच्या हातून. त्या वेणीकाराला कलाकाराचं मानधन द्या, ‘मदतनीस’ म्हणून बोळवण करू नका. कपाळाच्या आणि कानशिलाच्या कडेचे केस नाजूक असतात. वेणी दुखत असेल, कातडी ताणली जात असेल किंवा मुळाशी बारीक पुटकुळ्या दिसत असतील तर ती लगेच सोडा. असा ताण वारंवार पडला की केस गळतात आणि पुढे कायमचं टक्कल पडू शकतं. कुरळे केस किंचित ओलावून, टोकाकडून मुळाकडे सोडवा. प्रत्येकाला वेगळा कंगवा. कृत्रिम केसांची टोकं उकळत्या पाण्यात बुडवायची पद्धत गर्दीत नको, दोऱ्याने बांधा.

प्रश्नकर्ता
इतर संस्कृतींच्या रचना दाखवायच्या असतील तर?

प्रतिसाद ३
दाखवा, पण ‘आफ्रिकन वेण्या’ असा एकच मथळा देऊ नका. नायजेरियातल्या योरुबा लोकांमध्ये केस विणायची रीत वेगळी आणि केसांभोवती दोरा गुंडाळायची वेगळी. ही दोऱ्याची रीत लोकरीवर सहज शिकवता येते. नामिबियातल्या हिंबा स्त्रिया वेण्यांना लोणी आणि गेरूचा लेप देतात, आणि रचनेवरून वय, लग्न झालं की नाही हे कळतं. नायजेरियाचे छायाचित्रकार ओजेइकेरे यांनी १९६८ पासून केशरचनांची छायाचित्रं घेतली, बरीचशी मागच्या बाजूने. ती पाहिली की रचना शिल्पासारखी बघायची सवय लागते. केसांवरून भेदभाव होतो हे सांगायला कॅलिफोर्नियाचा २०१९चा क्राउन कायदा पुरे. नैसर्गिक केस आणि वेण्यांवरून शाळेत किंवा नोकरीत भेदभाव करायला त्याने बंदी घातली.

गुलामांच्या पलायनाचे नकाशे वेण्यांत गुंफले जात, ही कोलंबियातल्या पालेंके या गावाची कथा सांगायची तर मौखिक परंपरा म्हणूनच सांगा.

एक राहिलं. कलाकृती कोणाकडे राहणार, कोणाची वेणी परत द्यायची आणि फोटो कुठे जाणार, हे पहिला पेड कापण्याआधी लेखी ठरवा. काहींना कापलेले किंवा गळलेले केस दुसऱ्याकडे राहिलेले चालत नाहीत. ते त्यांचे त्यांना परत द्या.