एसजीपीटी, अल्कलाइन फॉस्फटेज या लिव्हरच्या एन्झाइम-तपासण्या: सगळ्या लॅबना एकच पद्धत सक्तीची करावी का?

मिरजेची पॅथॉलॉजिस्ट:
एक बाई दोन लॅबचे रिपोर्ट घेऊन आल्या. अल्कलाइन फॉस्फटेज एकीकडे ९४, दोन दिवसांनी दुसरीकडे १८७. लिव्हर गेलं म्हणून घरातले सगळे हवालदिल. लिव्हरला काहीही झालेलं नव्हतं. पहिल्या किटमध्ये (तपासणीच्या रसायनांच्या संचात) एएमपी नावाचा बफर, म्हणजे द्रावणाची आम्लता स्थिर ठेवणारं रसायन होतं, दुसऱ्यात डीईए नावाचं. डीईएमध्ये हे एन्झाइम जास्त वेगानं काम करतं, म्हणून आकडा चढा येतो. पद्धतीचं नाव मात्र एकाही रिपोर्टवर नाही.

ग्लुकोजचं आपण प्रमाण मोजतो. एन्झाइमचं तसं नाही, ते मिनिटाला किती काम उरकतं ते मोजतो. तापमान, बफर, सबस्ट्रेट (एन्झाइम ज्यावर काम करतं तो पदार्थ) यातलं काहीही बदललं की आकडा बदलणारच. म्हणून तर आयएफसीसी या क्लिनिकल केमिस्ट्रीच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २००२ साली एएलटी (म्हणजेच एसजीपीटी), एएसटी, सीके, एलडीएच, जीजीटी या एन्झाइमांच्या ३७ अंशांवरच्या संदर्भ पद्धती प्रसिद्ध केल्या. अल्कलाइन फॉस्फटेजची २०११ साली आली. त्या पद्धतींशी जोडलेलीच किट विकायला परवानगी असावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

तालुक्यातला लॅबवाला:
मॅडम, सक्ती करणं सोपं आहे. माझ्याकडे सेमी-ऑटो ॲनालायझर आहे, दिवसाला एसजीपीटीची मोजकीच सॅम्पल येतात. आयएफसीसीच्या पद्धतीत पायरिडॉक्सल फॉस्फेट घालावं लागतं, या एन्झाइमला काम करायला ते लागतं. ते किट महाग, आणि एकदा मिसळलं की कमी दिवस टिकतं. उरलेलं फेकायचं, तो खर्च शेवटी पेशंटवरच येणार. आणि रिपोर्टवर नॉर्मल रेंज छापलेली असते की. प्रत्येकाने आपल्या लॅबच्या रेंजशी ताडून बघावं. माझा ईक्यूएएसचा (बाहेरून होणाऱ्या गुणवत्ता तपासणीचा) निकाल दर वेळी व्यवस्थित येतो.

पुण्याचा बायोकेमिस्ट:
दादा, खर्चाचं तुमचं खरं आहे. ईक्यूएएसचं मात्र पटत नाही. तिथे तुमचा आकडा तुमच्याच पद्धतीच्या गटाशी ताडतात. गटात तुम्ही उत्तम, पण अख्खा गटच खाली असला तर? आणि रेंज म्हणाल तर बहुतेक ठिकाणी किटसोबतच्या माहितीपत्रकावरची उतरवलेली असते. आपल्या भागातल्या निरोगी माणसांवर ती तपासून घेणाऱ्या लॅब किती?

एलडीएचचं तर विचारूच नका. ते एन्झाइम पायरुव्हेट आणि लॅक्टेट यांची दोन्ही दिशांनी अदलाबदल करतं. पायरुव्हेटकडून लॅक्टेटकडे मोजलं तर उलट दिशेच्या साधारण दुप्पट आकडा येतो.

छातीविकारतज्ज्ञ, सोलापूर:
माझा अनुभव टीबीच्या पेशंटचा. गोळ्या थांबवायच्या की नाही हे आम्ही एसजीपीटी नॉर्मलच्या वरच्या मर्यादेच्या किती पट आहे त्यावरून ठरवतो: मळमळ, कावीळ अशी लक्षणं असतील तर तिप्पट, नसतील तर पाचपट. पहिली तपासणी गावात, दुसरी शहरात. आयसोनियाझिड या टीबीच्या औषधामुळे शरीरातलं बी-६ कमी पडतं, आणि पायरिडॉक्सल फॉस्फेट हे त्याच बी-६चं रूप. ते नसलेल्या किटमध्ये अशा पेशंटचा एसजीपीटी खऱ्यापेक्षा कमी दिसू शकतो. डायलिसिसवाल्यांचंही तेच. ज्यांच्यासाठी आकडा अचूक हवा, तिथेच तो फसवतो. मी मॅडमच्या बाजूने.

तालुक्यातला लॅबवाला:
सर, हे गंभीर आहे, मान्य. पण उद्या सक्ती झाली तर माझ्यासारखे बरेच जण ही तपासणीच बंद करतील. मग तुमचा टीबीचा पेशंट त्यासाठी शहरापर्यंत जाईल? मला नाही वाटत. काहीच आकडा नसण्यापेक्षा त्याच लॅबमधला, त्याच किटवरचा चढता आकडा तुम्हाला जास्त सांगेल.

मिरजेची पॅथॉलॉजिस्ट:
चढउतार कळतो, पण किट तेच राहिलं तर. डीलरकडे स्वस्त मिळालं की मध्येच कंपनी बदलते आणि पेशंटला कोणी सांगत नाही. किटच्या किमतीचा भार सरकारने उचलावा, निदान टीबीच्या तपासण्यांपुरता. तोवर रिपोर्टवर एन्झाइमच्या नावाखाली एक ओळ छापा: बफर कोणता, पायरिडॉक्सल आहे की नाही, तापमान किती. त्याला तर पैसे लागत नाहीत ना?

तालुक्यातला लॅबवाला:
ते करतो. सॉफ्टवेअरवाल्याला आजच सांगतो. सक्तीला मात्र माझा विरोध कायम आहे.